रिंगांच्या आधी बेस: स्कोप न हलता कसा बसवायचा

डॅलसजवळ राहणाऱ्या एका मराठी मित्राने विचारलं आहे. त्याच्याकडे .३०८ ची रेमिंग्टन ७०० रायफल आहे, वर पिकॅटिनी रेल (स्कोपसाठीची खाचांची पट्टी, म्हणजेच बेस), आणि त्यावर ३० मिमी ट्यूबचा, सातशे ग्रॅमच्या आसपास वजनाचा चांगला महाग स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण. स्कोप धरणाऱ्या रिंगा मात्र ऑनलाइन मिळालेल्या स्वस्त ॲल्युमिनियमच्या. उन्हाळाभर रेंजवर गोळ्या झाडल्यावर झीरो (स्कोपचा नेम आणि गोळी यांची जुळवणी) भटकायला लागला: कधी डावीकडे, कधी वर. रिंगा काढल्या तर ट्यूबवर ओरखडे. ऑक्टोबरात कोलोरॅडोला एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीला जायचं आहे. त्याचं म्हणणं, "आयुष्यभर हलणार नाहीत अशा रिंगा सांगा, पैशांचं बघू नका."

पैशांचं बघाच. आणि रिंगांची ऑर्डर दोन दिवस थांबवा. झीरो सरकला की पहिला संशय रिंगांवर जातो, कारण त्या डोळ्यांसमोर असतात आणि ट्यूबवर त्यांच्या खुणा दिसतात. माझ्या बाकावर अशी तक्रार घेऊन येणाऱ्या रायफलींमध्ये दोष बहुतेक वेळा एक मजला खाली सापडतो. रेल आणि रिसीव्हर (नळी ज्यात बसते तो रायफलीचा मुख्य भाग) यांच्यामध्ये, जिथे कोणी पानाच लावलेला नसतो.

थोडा हिशोब करू, म्हणजे हे मत हवेत राहणार नाही. .३०८ ची गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत चार किलोच्या रायफलीला सेकंदाला अडीच मीटरच्या आसपास मागे जाण्याचा वेग मिळतो, आणि तोही सव्वा मिलिसेकंदात. म्हणजे सरासरी त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या दोनशे पट. रायफल मागे जाते, स्कोप मात्र जागच्या जागी राहू पाहतो. सातशे ग्रॅमचा स्कोप अधिक रिंगा अधिक रेल असं किलोभर वजन धरलं, तर तेवढ्या क्षणापुरता दोनशे किलोचा ओढा रेलच्या बुडाशी येतो. ही सरासरी झाली. शिखर याहून वर असतं.

आता हा ओढा पेलायला काय आहे ते बघा. रेमिंग्टन ७०० ची रेल ६-४८ मापाच्या आट्यांच्या चार स्क्रूंवर बसते. एका स्क्रूचा व्यास साडेतीन मिलिमीटर. दोन न्यूटन-मीटरने आवळल्यावर प्रत्येक स्क्रू पावणेतीनशे-तीनशे किलोचा दाब देतो. चार मिळून अकराशे धरा. पोलादावर पोलाद, मध्ये कारखान्यातलं तेल राहिलेलं. अशा सांध्यात घर्षण दाबाच्या दहा-पंधरा टक्क्यांपुढे जात नाही. म्हणजे धरून ठेवण्याची ताकद एकशे दहा ते एकशे पासष्ट किलो, आणि ओढा दोनशेचा. उरलेला भार त्या बारीक स्क्रूंच्या अंगावर आडवा येतो. स्क्रू एका फटक्यात तुटत नाहीत. ते भोकातल्या खेळापुरते सरकतात, प्रत्येक राउंडला किंचित सैल होतात, आणि तुम्ही रेंजवर स्कोपचे टरेट (नेम जुळवायची बटणं) फिरवत बसता.

रिंगांचं गणित याच्या उलट आहे. दोन रिंगांचे आठ स्क्रू, प्रत्येकाचा दाब दोनशे किलोच्या वर, आणि त्यांना धरायचाय फक्त स्कोप, सातशे ग्रॅमचा. कोरड्या ॲल्युमिनियमवर हे घर्षण पुरून उरतं. म्हणूनच ट्यूब रिंगेत सरकली असेल तर मी आधी विचारतो: आत तेल होतं का? स्क्रू अंदाजाने आवळले होते का? एका बाजूची फट बंद आणि दुसरीकडची उघडी, असं होतं का? या तिन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' आलं, तरच रिंगेला दोष द्यायचा.

दुरुस्तीत हात घालण्यापूर्वी एक पैशाची परीक्षा करा. नेलपॉलिश किंवा पांढरा पेंट मार्कर घ्या आणि तीन बारीक रेघा ओढा: एक ट्यूबवरून रिंगेवर जाणारी, दुसरी रिंगेवरून रेलवर, तिसरी रेलवरून रिसीव्हरवर. वीस-पंचवीस राउंड झाडा आणि भिंगाने बघा. जी रेघ तुटली, तो सांधा गुन्हेगार. तिन्ही रेघा सलग असतील आणि तरीही नेम भटकत असेल, तर माउंटचा (रेल आणि रिंगांचा) संबंध नाही. मग स्कोपची आतली यंत्रणा, दस्त्याचे स्क्रू किंवा सरळ दारूगोळा तपासायचा.

किती सरकणं पुरतं, याचा लोकांना अंदाज नसतो. रिंगांमध्ये शंभर मिलिमीटर अंतर असेल आणि मागची रिंग पुढच्या रिंगेच्या मानाने ०.०३ मिलिमीटर बाजूला गेली, तर शंभर मीटरवर गोळी तीन सेंटिमीटर हलते. डोक्याच्या केसाच्या निम्मीही जाडी नाही ही. याउलट ट्यूब सरळ रेषेत मिलिमीटरभर पुढे घसरली तरी झीरो फारसा बदलत नाही. म्हणजे ट्यूबवरचे लांबट ओरखडे भीतिदायक दिसतात, पण वाकडंतिकडं करणारी चाल बहुधा दुसरीकडेच चाललेली असते. तुमच्या वर्णनात नेम 'कधी डावीकडे, कधी वर' असा भटकतोय. हे ट्यूब घसरल्याचं लक्षण वाटत नाही, रेल उठबस करत असल्याचं वाटतं.

तेव्हा काम खालून वर करा.

स्कोप आणि रेल दोन्ही काढा. रिसीव्हरचा वरचा भाग, स्क्रूची भोकं, रेलचं बूड हे सगळं ॲसिटोनने किंवा ब्रेक-क्लीनरने धुऊन कोरडं करा. मग रेल ठेवून फक्त पुढचे दोन स्क्रू बोटाने बसवा आणि हलके आवळा. आता रेलच्या मागच्या टोकाखाली उजेड दिसतोय का बघा. रेमिंग्टन ७०० च्या रिसीव्हरची मागची कमान पुढच्या कड्यापेक्षा मुळातच ठेंगणी असते आणि रेल त्या फरकाला धरून बनवलेली असते. पण रिसीव्हर पॉलिश करताना प्रत्येक नगात थोडं कमी-जास्त होतंच. फट असेल आणि तुम्ही मागचे स्क्रू जोराने आवळले, तर रेल धनुष्यासारखी वाकते. वाकलेल्या रेलवर जगातली सर्वांत महाग रिंग लावली तरी ती स्कोपची ट्यूब वाकवणार. यावर उपाय बेडिंगचा: पोलादाचा चुरा असलेलं इपॉक्सी रेलच्या मागच्या भागाखाली लावायचं, रिसीव्हरला सुटवणी मेण चोपडायचं, पुढचे स्क्रू आवळायचे, मागचे फक्त टेकवून ठेवायचे आणि रात्रभर वाळू द्यायचं. एका संध्याकाळचं काम. फट भरते, दोन्ही पृष्ठभाग सर्वांगाने टेकतात.

रेल बदलायची असेल तर बुडाला लग असलेली घ्या. म्हणजे खाली उतरणारा एक चौकोनी दात, जो काडतुसाच्या खिडकीत, पुढच्या कड्याच्या मागच्या भिंतीला टेकतो. रायफल मागे गेली की रेल पुढे जाऊ पाहते, आणि हा दात तिला जागच्या जागी रोखतो. मग स्क्रूंना फक्त दाबून धरायचं काम उरतं, आडवा भार त्यांच्यावर येत नाही. सगळ्या रेलना असा दात नसतो, म्हणून घेताना बुडाचा फोटो बघून घ्या. ज्यांची रायफल .३०० मॅग्नम किंवा त्याहून मोठी आहे, त्यांनी शिवाय गनस्मिथकडून भोकं वाढवून ८-४० चे आटे पाडून घ्यावेत. त्या स्क्रूचा व्यास ४.१७ मिलिमीटर आहे. ऐकायला फरक किरकोळ, पण छेदाचं क्षेत्रफळ चाळीस टक्क्यांनी वाढतं. तुमच्या .३०८ ला याची गरज नाही. बेडिंग आणि लग पुरेत.

पुढचा स्क्रू जरा जपून. ७०० मध्ये तो नळीच्या आट्यांच्या आणि बोल्टच्या (काडतूस आत ढकलून बंद करणाऱ्या दांड्याच्या) लगांच्या डोक्यावर येतो. लांब पडला तर बोल्ट अडकतो, किंवा स्क्रू तळाला टेकून घट्ट झाल्याचा भास देतो आणि रेल सैलच राहते. प्रत्येक स्क्रू आवळल्यानंतर बोल्ट उघडून-मिटून बघा. बेसच्या स्क्रूंना निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) एक थेंब, टॉर्क (आवळण्याचा जोर) दोन ते सव्वादोन न्यूटन-मीटर. अमेरिकेत पाने इंच-पाउंडात मिळतात, त्यावर वीसच्या आसपास.

पोलादी रेल की ॲल्युमिनियमची? शिकारीच्या रायफलीला माझं मत पोलादाकडे झुकतं, आणि कारण निव्वळ ताकदीचं नाही. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतं-आकसतं. दीडशे मिलिमीटरची ॲल्युमिनियमची रेल टेक्सासच्या चाळीस अंशांत बसवून कोलोरॅडोच्या शून्याखालच्या पहाटे नेली, तर तिच्या आणि रिसीव्हरच्या लांबीत ०.०७ मिलिमीटरचा फरक पडतो. लगेच काही बिघडत नाही, पण सांध्यावर ताण येतो आणि स्क्रू सैल असतील तर तो तिथेच निघतो. शंभर ग्रॅम जास्त वजन मला चालतं. डोंगर चढणाऱ्याला चालेलच असं नाही, हेही खरं.

या सगळ्यात मला एक जुनी रायफल नेहमी आठवते. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश स्नायपर रायफल, ली-एनफील्ड नं. ४ (टी). निवडक अचूक रायफली हॉलंड अँड हॉलंडकडे पाठवून तिथे स्कोपसाठी तयार केल्या जात. रिसीव्हरच्या डाव्या अंगाला दोन पॅड नुसते स्क्रूने नाही, तर वर डाख देऊन बसवत आणि स्क्रूची डोकी ठोकून बंद करत. स्कोप आणि कंस (त्याला धरणारं ब्रॅकेट) मिळून किलोभराहून जड. सैनिक दोन मोठे अंगठ्याचे स्क्रू फिरवून तो काढू-घालू शकत असे, आणि प्रत्येक कंसावर त्याच्या रायफलीचा नंबर कोरलेला असे, कारण एकीचा स्कोप दुसरीवर नीट बसण्याची खात्री नव्हती. गंमत म्हणजे तो नं. ३२ स्कोप मुळात ब्रेन मशीनगनसाठी आखला होता. त्या लोकांनी सगळी मेहनत पॅडवर घेतली. रिंगांचे स्क्रू अगदी साधे होते.

आता रिंगांकडे येतो, तुमची उत्सुकता ताणून झाली असेल.

रिंगेच्या बाबतीत मी सर्वांत आधी बघतो तो खालचा दात. पिकॅटिनी रेलची मापं ठरलेली आहेत. हे अमेरिकी लष्करी मानक मिल-स्टँडर्ड-१९१३ नावाने १९९५ मध्ये आलं. खाच ५.२३ मिलिमीटर रुंद, एका खाचेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत १०.०१ मिलिमीटर. त्याआधीची वीव्हर पद्धत टेक्सासमधल्याच एल पासोच्या वीव्हर कंपनीची. तिची खाच ४.५७ मिलिमीटरची, आणि खाचांमधलं अंतर ठरलेलं नाही. वीव्हरची रिंग पिकॅटिनीवर बसते, पण खाचेत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त खेळ राहतो. उलट पिकॅटिनीची रिंग वीव्हरवर बसतच नाही. स्वस्त रिंगांच्या जाहिरातीत 'दोन्हींवर चालते' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ ती बारीक खाचेच्या मापाची आहे. तुमच्या रिंगांचा आडवा बोल्ट मोजा. माझा अंदाज तो साडेचार मिलिमीटरचा निघेल. शिवाय त्या रिंगांत गोल बोल्टच दाताचं काम करतो. गोल बोल्ट खाचेच्या भिंतीला एका रेषेत टेकतो, चौकोनी दात पूर्ण अंगाने टेकतो. चौकोनी दातवाली रिंग घ्या.

आणि बसवताना एक गोष्ट, जी मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरांत असते: रिंग खाचेत ठेवल्यावर आवळण्यापूर्वी नळीच्या तोंडाच्या दिशेने पुढे ढकलून धरा, दात खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकू द्या, मग आवळा. रायफल मागे जाणार, स्कोप पुढे जाऊ पाहणार. दात आधीच टेकलेला असेल तर त्याला धावायला जागा उरत नाही. आडव्या बोल्टला कंपनीने सांगितलेला टॉर्क द्या, बहुतेकांचा पाच ते सात न्यूटन-मीटर असतो. मझल ब्रेक (नळीच्या तोंडावरचा, झटका कमी करणारा भाग) लावला असेल तर चित्र बदलतं, कारण ब्रेक रायफलीला मागे जाताजाता पुढे खेचतो आणि स्कोपला दोन्ही दिशांचा मार बसतो. तिथे खेळ अजिबात चालत नाही.

धातूचं म्हणाल तर ॲल्युमिनियम या शब्दावर जाऊ नका, आकडा विचारा. ७०७५-टी६ ची ताण सोसण्याची मर्यादा ६०६१-टी६ च्या पावणेदोन पट असते. ज्या कंपनीने ७०७५ वापरलंय ती ते छातीठोकपणे छापते. जिथे फक्त 'एअरक्राफ्ट ग्रेड' लिहिलंय तिथे मी पुढे सरकतो. पोलादी रिंगा दणकट, पण जड आणि गंजणाऱ्या. एल्कच्या मोसमात बर्फ आणि पाऊस असतो, त्यामुळे तेलाचं फडकं सोबत हवं. रुंद टोपी (रिंगेचा वरचा अर्धा भाग) आणि रिंगेला चार किंवा सहा स्क्रू, या दोन्हींनी दाब पसरतो आणि ट्यूबला खाच पडत नाही. सहा स्क्रू चारापेक्षा दीडपट चांगले, असं मात्र नाही.

नावं हवीत म्हणून सांगतो. पोलादात बॅजर ऑर्डनन्स. ७०७५ मध्ये सीकिन्स. वजन वाचवायचं तर नाइटफोर्सच्या हलक्या रिंगा. यांपैकी कोणतीही तुमच्या नातवापर्यंत पुरेल. स्वीडनच्या स्पूरचा एकसंध माउंट अप्रतिम आहे, पण शिकारीच्या बोल्ट-ॲक्शनला तो मला जास्तीचा वाटतो. बरिसच्या सिग्नेचर रिंगांत प्लॅस्टिकची फिरती अस्तरं असतात. रेल किंचित तिरकी असली तरी ट्यूब वाकत नाही आणि ओरखडाही पडत नाही. लोक प्लॅस्टिक म्हणून नाक मुरडतात, पण मध्यम झटक्याच्या रायफलीला मी त्या बिनधास्त लावतो. जुन्या पद्धतीच्या फिरवून बसवायच्या डोव्हटेल रिंगा, ज्यांच्या मागे दोन बाजूंना विंडेजचे (डावं-उजवं जुळवायचे) स्क्रू असतात, त्या दिसायला सुबक. पण मागची रिंग दोन स्क्रूंच्या चिमटीत असते. नवीन घेताना टाळा.

क्विक-डिटॅच लिव्हर हवेत का? आफ्रिकेत मोठ्या, उलटून येणाऱ्या जनावरामागे जाणाऱ्याला स्कोप झटक्यात काढून उघड्या साइट्सनी नेम धरावा लागतो, त्याला हवेत. जर्मन आणि ऑस्ट्रियन कारागिरांनी याच गरजेसाठी पंजाचे माउंट हाताने बसवले, आणि ते काढून-घालूनही झीरो धरतात. तुमच्या रायफलीला उघड्या साइट्सच नसतील तर लिव्हर म्हणजे सैल होऊ शकणारा आणखी एक भाग. ज्यांच्याकडे लिव्हर आहेतच, त्यांनी लिव्हरचा ताण नट फिरवून जुळवायला शिकावं. आपल्या फौजेतल्या ड्रॅगुनोव्ह स्नायपर रायफलीच्या पीएसओ-१ स्कोपलाही असाच लिव्हर आहे, आणि ज्या कंसाचा नट रायफलीनुसार जुळवलाय तोच परत जागेवर बसतो.

उंचीबद्दल एवढंच: पुढची भिंग नळीला न टेकता दोन-तीन मिलिमीटर मोकळी राहावी, बोल्टची मूठ डोळ्याकडच्या टोकाला लागू नये, आणि गाल दस्त्यावर टेकलेला असताना चित्र पूर्ण दिसावं. यात बसणारी सर्वांत बुटकी रिंग घ्या.

लॅपिंगवर खूप वाद आहेत. पट्टीला घासणी लावून रिंगांची आतली गोलाई एका रेषेत आणायची, हे स्वस्त रिंगांसाठी ठीक. पण त्यात ॲनोडायझिंगचा कडक थर निघून जातो आणि ती जोडी त्याच रायफलीची होऊन बसते. चांगल्या, सीएनसी यंत्रावर एकत्र कापलेल्या जोडीला लॅपिंग करायची वेळ आली, तर दोष रिंगेत नाही, खालची रेल वाकडी आहे. परत बेडिंगकडे जा. टोकदार दोन दांडे समोरासमोर आणून 'अलाइनमेंट' बघायची पद्धतही फसवी आहे: दोन्ही रिंगा सारख्याच तिरक्या असतील तरी काही वेळा टोकं जुळतात.

स्कोप ठेवताना ट्यूब आणि रिंगेचं आतलं अंग स्पिरिटने पुसून कोरडं. टोपीचे स्क्रू एकाआड एक, थोडे थोडे, दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या ठेवत आवळा. टॉर्क १.७ ते २ न्यूटन-मीटर, म्हणजे पंधरा ते अठरा इंच-पाउंड. स्कोपच्या कंपनीने कमी सांगितलं असेल तर तिचं ऐका, रिंगवाल्याचं नाही. इथे थ्रेडलॉकर लावू नका. ओला थ्रेडलॉकर वंगणाचं काम करतो, त्यामुळे त्याच टॉर्कला स्क्रू जास्त ताणला जातो आणि ट्यूब चेपते. झूमची कडी अचानक जड फिरायला लागली, तर समजा की जास्त आवळलंय. टॉर्क ड्रायव्हर नसेल तर रिंगांच्या आधी तो विकत घ्या.

पुण्या-मुंबईहूनही हाच प्रश्न येतो, तो एअर रायफलवाल्यांचा. आपल्याकडे .१७७ बोअरच्या, वीस ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, त्यामुळे बरेच जण स्प्रिंगवाली रायफल घेऊन तिच्यावर स्कोप चढवतात आणि महिन्याभरात स्कोप मोडतो. वर सांगितलेली दिशा तिथे नेमकी उलटी आहे. स्प्रिंग सुटली की पिस्टन पुढे धावतो, रायफल आधी मागे जाते. मग पिस्टन टोकाला हवेच्या उशीवर आपटून थांबतो आणि रायफलीला पुढे हिसका बसतो. हा दुसरा हिसका जास्त तीव्र असतो. म्हणून माउंट मागे, नेमबाजाच्या डोळ्याकडे सरकतो. तिथे ११ मिलिमीटरच्या डोव्हटेलवर शक्यतो एकसंध माउंट, त्याची स्टॉप-पिन रिसीव्हरवरच्या भोकात घट्ट बसलेली, आणि आवळताना माउंट मागे ओढलेला. स्कोपही 'एअर रायफलसाठी' असं स्पष्ट लिहिलेलाच हवा. मोठ्या रायफलीचा महाग स्कोपसुद्धा हा उलटा मार सोसेलच असं नाही. पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या) रायफलीला जवळजवळ झटकाच नसतो, तिथे यातलं काहीच लागत नाही.

परत डॅलसकडे. कामाचा क्रम असा ठेवा: रेघांची परीक्षा, मग रेल उतरवून फट बघणं, लागेल तर बेडिंग, आणि त्यानंतर रिंगा. ट्यूबवरचे ओरखडे नखाला लागत नसतील तर दुर्लक्ष करा. नख अडकत असेल तर नव्या रिंगा त्या खाचेपासून चार-पाच मिलिमीटर पुढे-मागे घ्या, खाचेवरच आवळू नका. सगळं बसल्यावर नव्याने रेघा ओढून ठेवा आणि निघण्यापूर्वी निदान चाळीस राउंड झाडा, म्हणजे शिकारीच्या आधी जे सैल व्हायचं ते रेंजवर होईल. तिथे पोहोचल्यावर, विमानाने गेलात तर नक्कीच, कॅम्पवर तीन राउंड झाडून झीरो बघा. रेघा सलग आणि तरी नेम फिरतोच आहे असं दिसलं, तर कुणाचा तरी खात्रीचा स्कोप त्याच रिंगांत घालून एक ग्रुप (एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांचा पुंजका) काढा. तो घट्ट आला तर तुमचा स्कोप वॉरंटीत कंपनीकडे पाठवा आणि सोबत दोन्ही ग्रुपचे फोटो जोडा.